‘थीफ’च्या चौथ्या भागाला कोणतं इंजिन हवं होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘थीफ’ ही अंधारात लपून चोऱ्या करायची व्हिडिओ गेमची मालिका. ती खेळलेली दोन माणसं एकत्र बसली की चहा निवायच्या आत इंजिनाचा विषय निघतो. ‘चौथ्या भागाला अनरियल इंजिन घेतलं तिथेच गेम गेला’ असं एक म्हणतो, दुसरा ‘इंजिनाचा काय संबंध?’ म्हणून उसळतो, आणि पुढचा तासभर कोणी घरी जात नाही. हे प्रश्न मला इतक्या वेळा विचारले गेलेत की आता लिहूनच ठेवलेले बरे. मी प्रोग्रामर नाही. पहिल्या भागापासूनचा खेळाडू, आणि स्वतःचं एक मिशन बनवायला घेऊन अर्धवट सोडलेला माणूस. तेवढ्या अधिकारात जे सांगता येईल ते सांगतो.

वाद सुरू कसा झाला?

११ मे २००९ रोजी आयडॉस माँट्रियल या स्टुडिओने ‘थीफ ४’ करत असल्याचं जाहीर केलं. जेमतेम महिनाभर आधी जपानच्या स्क्वेअर एनिक्सने आख्खी आयडॉस कंपनी विकत घेतली होती, त्यामुळे धाकधूक होतीच. दाखवायला म्हणाल तर एक लोगो, ज्यात नावातल्या एका अक्षराच्या जागी चारचा आकडा घुसवला होता. त्याची यथेच्छ टिंगल झाली. गेमचा व्हिडिओ नाही, गॅरेटला, म्हणजे गेममधल्या चोर-नायकाला, आवाज कोण देणार याचा पत्ता नाही. मग चघळायचं काय? इंजिन. गेम हातात यायला फेब्रुवारी २०१४ उजाडला, म्हणजे पावणेपाच वर्षं हे चघळणं चाललं.

गेम इंजिन म्हणजे नक्की काय? जरा सोपं करून सांगा.

नाट्यगृह समजा. नाटक वेगळं, नाट्यगृह वेगळं. पण स्पॉट कुठे टांगता येतात, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचतो का, रंगमंच किती खोल आहे, सेट बदलायला किती वेळ लागतो, हे सगळं नाट्यगृह ठरवतं. इंजिनाचंही तसंच. चित्र पडद्यावर कसं उमटेल, प्रकाश कसा पडेल, आवाज कुठून कुठे जाईल, एका वेळी केवढा भाग मेमरीत मावेल, वस्तू एकमेकींवर आपटल्या तर काय होईल, याची सगळी यंत्रणा त्यात असते. गोष्ट, पात्रं, मिशनं ही वरून येतात.

बंदुकीच्या गेममध्ये इंजिन बदललं तर बहुतेक खेळाडूंना चित्र सुधारलं एवढंच कळतं. चोरून हिंडायच्या गेममध्ये प्रकाश आणि आवाज हाच खेळ असतो. ते देणारी यंत्रणा बदलली की खेळाचे नियमच बदलतात. म्हणून ‘थीफ’वाले या विषयावर एवढे हळवे आहेत. उगाच नाही.

जुन्या डार्क इंजिनात असं काय सोनं होतं?

अमेरिकेत केंब्रिजला लुकिंग ग्लास नावाचा स्टुडिओ होता. त्यांनी ‘थीफ: द डार्क प्रोजेक्ट’ १९९८ च्या नोव्हेंबरअखेर आणला, आणि त्यासाठी इंजिन स्वतःच घडवलं. ते डार्क इंजिन. पुढच्याच वर्षीचा ‘सिस्टिम शॉक २’ आणि मार्च २००० मधला ‘थीफ २: द मेटल एज’ याच इंजिनावर झाले.

दिसायला ते तेव्हाही देखणं नव्हतं. त्याच सुमाराला बाकीचे गेम रंगीत प्रकाशाने आणि स्फोटांनी झगमगत होते, आणि इथे पहारेकऱ्यांची डोकी विटांसारखी चौकोनी. पण आतली रचना बघण्यासारखी होती. तीन गोष्टी सांगतो.

पहिली म्हणजे प्रकाश. भिंतींवरचा उजेड आधीच गणित करून साठवलेला असायचा. पण विझवता येणाऱ्या मशालीचा उजेड वेगळ्या थरात ठेवलेला. पाण्याचा बाण मारला की तेवढा थर काढून घ्यायचा, बस. त्यामुळे त्या काळच्या मरतुकड्या पीसीवरही अंधार हवा तेव्हा पाडता येई, आणि पडद्याच्या तळाशी असलेला लाइट जेम, म्हणजे तुम्ही किती दिसताय ते सांगणारा खडा, लगेच काळवंडे.

दुसरी म्हणजे वस्तूंचं एकमेकींशी नातं. ‘पाण्याच्या बाणाने मशाल विझते’ असा नियम कुणी लिहिलेला नव्हता. बाण ‘पाणी’ नावाचा परिणाम सोडतो, मशाल त्या परिणामाला उत्तर देते, एवढंच. त्यामुळे बनवणाऱ्यांच्या डोक्यातही न आलेल्या गोष्टी खेळाडूंनी करून दाखवल्या. दोरीचा बाण लाकडात रुततो. मग लाकूड कुठेही असो, तुळई असो की टेबल, तो रुतणारच. गेम तुम्हाला ‘इथे नाही’ म्हणत नाही.

तिसरी गोष्ट आवाज. त्याला वेगळा प्रश्न लागेल.

आवाजाचं एवढं कौतुक का?

कारण इतकी वर्षं झाली तरी तसं काम क्वचित दिसतं.

बहुतेक इंजिनांत आवाज सरळ रेषेत येतो. पहारेकरी भिंतीपलीकडे दहा फुटांवर असला तर आवाजही दहा फुटांवरचा. डार्क इंजिनात मिशन बनवणारा प्रत्येक खोलीभोवती एक अदृश्य खोकं आखतो, ती खोकी दारांपाशी एकमेकांना चिकटतात, आणि आवाज त्या वाटेने चालत येतो. पहारेकरी भिंतीपलीकडे असेल पण दार पार तिकडच्या टोकाला असेल, तर पावलं लांबून, वळून, दबून ऐकू येतात. दार बंद केलं की आणखी दबतात. गंमत म्हणजे पहारेकऱ्याचे कानही याच वाटेने चालतात. तुम्ही संगमरवरावरून धावलात तर तो आवाज दारांतून वळणं घेत त्याच्यापर्यंत जातो, आणि तो जिथून आवाज आला त्या दाराकडे वळतो. गालिच्यावरून गेलात तर नाही. शेवाळाचा बाण मारून फरशी मऊ करता येते ती याचसाठी.

हे मला कळलं ते स्वतःची फजिती झाल्यावर. ड्रोमेड हे लुकिंग ग्लासने खेळाडूंना दिलेलं संपादनाचं साधन घेऊन मी एक चौसोपी वाडा बांधायला काढला होता. चोराने मागच्या विहिरीतून शिरायचं, चौकातून माडीवर जायचं, देवघरातली चांदी उचलायची. ड्रोमेडमध्ये जग आधी भरीव असतं, त्यातून पोकळी कोरत जायची, वेरूळच्या कैलासासारखी. वाडा तर कोरला, दिसायलाही छान झाला. खेळायला बसलो तर माजघरात पहारेकरी बहिरा! त्याच्या पाठीमागे ठणाठण चाललो तरी ढिम्म. दोन रात्री डोकं खाल्लं तेव्हा सापडलं की माजघराला ते अदृश्य खोकंच आखायचं राहिलं होतं. इंजिनाच्या दृष्टीने ती खोली कानांसाठी अस्तित्वातच नव्हती.

तेव्हापासून ‘इंजिनाचा काय संबंध?’ असं कोणी म्हणालं की मला ते माजघर आठवतं.

इतकं चांगलं होतं तर पुढे तेच का नाही वापरलं?

स्टुडिओच उरला नाही. मे २००० मध्ये, ‘थीफ २’ येऊन दोन-अडीच महिने होतात न होतात तोच, लुकिंग ग्लास बंद पडला. माणसं पांगली, त्यांतली काही टेक्सासमधल्या आयन स्टॉर्म ऑस्टिनमध्ये गेली आणि तिसरा भाग तिथे झाला. शिवाय डार्क इंजिनाच्या मर्यादाही खऱ्या होत्या. एका नजरेत किती पृष्ठभाग दिसावेत यावर कडक बंधन होतं, आणि २००० नंतरच्या ग्राफिक्स कार्डांपुढे ते म्हातारं झालं होतं. ‘तेच इंजिन घ्यायला हवं होतं’ म्हणणाऱ्यांशी मी इथे सहमत नाही. त्यातली आवाजाची कल्पना घ्यायला हवी होती, हे मात्र शंभर टक्के.

तिसऱ्या भागात अनरियलच होतं ना? तिथे काय बिघडलं?

‘थीफ: डेडली शॅडोज’, मे २००४, पीसी आणि एक्सबॉक्स हे टीव्हीला जोडायचं गेमयंत्र. पाया अनरियल २ चा, पण चित्र काढणारा भाग बहुतांशी नव्याने लिहिलेला. त्याआधी काही महिने आलेला ‘डेयस एक्स: इन्व्हिजिबल वॉर’ त्याच यंत्रणेवर होता, आणि दोन्हींची दुखणी सारखीच निघाली.

फायदा आधी सांगतो, कारण तो कोणी सांगत नाही. सावल्या जिवंत झाल्या. पहारेकरी हातात मशाल घेऊन येतोय, त्याची सावली भिंतीवर लांब होत जातेय, आणि तुम्ही खांबाच्या सावलीबरोबर सरकताय. हे आधीच्या दोन भागांत अशक्य होतं. शेलब्रिज क्रेडल हे झपाटलेल्या इमारतीचं मिशन त्याच भागात आहे. ते एकट्याने रात्री खेळलेला माणूस अनरियलला सरसकट नावं ठेवत नाही.

आता तोटा. त्या एक्सबॉक्सची मेमरी ६४ एमबी. त्या सावल्या आणि ती मेमरी यांचं जमेना, म्हणून मिशनांचे तुकडे केले, आणि तुकड्यांमध्ये निळं धुकं. धुक्यात शिरा, थांबा, लोड होऊ द्या. ‘थीफ २’ मध्ये ‘लाइफ ऑफ द पार्टी’ नावाचं मिशन आहे, ज्यात अर्ध्या शहराची छपरं ओलांडत तुम्ही एका मनोऱ्यापर्यंत जाता, मध्ये एकदाही थांबा नाही. ते खेळून आलेल्या माणसाला चार गल्ल्यांनंतर धुकं दिसलं की काय वाटत असेल, विचार करा. पीसीवर तर प्रत्येक लोडिंगला गेम आतून बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा.

दोरीचा बाण गेला, त्याऐवजी भिंत चढायचे हातमोजे आले. पोहणं गेलं, पाण्यात पडलात की मेलात. इथेच ‘अनरियल म्हणजे वाट’ हे समीकरण चाहत्यांच्या डोक्यात पक्कं झालं. त्या समीकरणाला एक भोक आहे: २००२ चा पहिला ‘स्प्लिंटर सेल’ अनरियल २ वरच होता, आणि त्यातला नायक सॅम फिशर पाइपांवर चढतो आणि दोरीने भिंतीवरून उतरतोही.

२००९ साली कोणकोणत्या इंजिनांची नावं घेतली जात होती?

मुख्यतः चार पक्ष होते.

क्रिस्टलवाले म्हणत, स्टुडिओ तेव्हा ‘डेयस एक्स: ह्युमन रेव्होल्यूशन’ बनवतोय तो क्रिस्टल डायनॅमिक्सच्या इंजिनावर, म्हणजे ‘टूम रेडर’वाल्या घरच्याच इंजिनावर, तेच वापरतील, खर्च वाचेल. अंदाज म्हणून हा सगळ्यांत व्यवहारी होता, आणि चुकला.

आयडी टेकवाले त्या इंजिनावर झालेल्या ‘डूम ३’ कडे बोट दाखवत. तिथे प्रत्येक दिवा खरा, प्रत्येक सावली क्षणाक्षणाला मोजलेली. मी याच पक्षात होतो.

क्रायइंजिनवाल्यांना जंगल आणि सूर्यप्रकाश यांचं वेड होतं. रात्री, शहरात, तळघरांत घडणाऱ्या गेमला सूर्यप्रकाश कशाला, हे त्यांना शेवटपर्यंत समजावता आलं नाही.

चौथे अनरियल ३ वाले. त्यांचा मुद्दा चित्राचा नव्हताच मुळी. नोव्हेंबर २००९ मध्ये अनरियल बनवणाऱ्या एपिक कंपनीने त्या इंजिनाचं साधन-संच स्वरूप फुकट वाटायला सुरुवात केली, आणि यांनी हिशेब मांडला: हजारो लोकांना हे साधन येतं, म्हणजे नव्या गेमसाठी मिशनं बनवणारेही हजारो मिळतील. माणसं शहाणी होती. निवड त्यांच्या मनासारखीच झाली, मिशनं मात्र कधीच बनली नाहीत. त्याबद्दल पुढे.

शेवटी अनरियल ३ का घेतलं असावं?

त्या वर्षांत ते सगळीकडे होतं. त्यात काम केलेली माणसं मिळतात, पीएस ३, एक्सबॉक्स ३६० आणि पीसी तिन्हीकडे चालतं हे सिद्ध झालेलं असतं, आणि आतलं काही बिघडलं तर विचारायला कोणीतरी असतं. नवा स्टुडिओ, नवी माणसं, मोठा गेम. सुरक्षित नाट्यगृह बुक केलं. माझी तक्रार नाही.

मग चौथ्या भागात दोरीचा बाण ठरावीक तुळयांनाच लागतो, मनासारखी उडी मारता येत नाही, हे अनरियल ३ मुळेच ना?

नाही. इथे माझं आणि माझ्या बऱ्याच मित्रांचं पटत नाही, पण पुरावा बघा.

‘मिरर्स एज’, २००८. अनरियल ३. पात्राच्याच डोळ्यांतून बघत छपरांवरून धावणं, उड्या, भिंतीला पाय लावून वळणं, तोच सगळा खेळ. ‘डिसऑनर्ड’, २०१२. तोही अनरियल ३. शिवाय चोरून हिंडायचाच गेम, बनवणाऱ्यांना ‘थीफ’चं वेड, आणि नजर जाईल त्या कठड्यावर क्षणात उडी घेता येते. इंजिन एकच, मोकळीक आकाश-पाताळाएवढी निराळी.

तेव्हा २०१४ च्या ‘थीफ’मध्ये उडी ठरावीक कडेलाच लागते ती बनवणाऱ्यांनी तशी ठरवली म्हणून. का ठरवली? माझ्या मते उत्तर दौऱ्याच्या नाटकात आहे. पुण्या-मुंबईतल्या मोठ्या रंगमंचासाठी सेट करता येतो, पण तेच नाटक तालुक्याच्या गावी न्यायचं असेल तर सेट तिथल्या मंचावर मावला पाहिजे. हा गेम एकाच वेळी पाच ठिकाणी लागायचा होता: पीसी, पीएस ४, एक्सबॉक्स वन, आणि जुने पीएस ३ व एक्सबॉक्स ३६०. पीएस ४ ची मेमरी ८ जीबी. एक्सबॉक्स ३६० ची ५१२ एमबी. पीएस ३ ची तेवढीच, तीही दोन भागांत विभागलेली. सेट कोणत्या मंचाच्या मापाने झाला असेल?

खेळाडू कुठूनही कुठेही जाऊ शकत असेल तर आजूबाजूचं सगळं मेमरीत तयार लागतं. जाण्याच्या वाटाच आखून दिल्या की काम सोपं. म्हणून गॅरेट शहरभर खिडक्या पहारीने उचकटत बसतो, पडक्या तुळया उचलतो, फटीतून अंग चोरून सरकतो. तुम्ही बटण दाबत असता तेवढ्या वेळात पलीकडचा भाग आणला जातो. डेडली शॅडोजचं निळं धुकंच ते, नुसता वेश बदललेलं.

आवाजाचं प्रकरण मात्र खरोखर यंत्रणेकडे जातं. गेम आला तेव्हा भिंतीपलीकडची बोलणी कानाशी बसून बोलल्यासारखी ऐकू येत होती, कुठली माणसं किती लांब आहेत ते कळेना. नंतर पॅच, म्हणजे दुरुस्तीचे तुकडे, आले. पण खोल्या आणि दारं ओळखून आवाज वळवणारी यंत्रणा अनरियल ३ मध्ये आयती नव्हती, ती बांधावी लागली असती, आणि चोरीच्या गेममध्ये बांधण्यासारखं पहिलं काही असेल तर तेच. प्रकाशाकडे एवढं लक्ष दिलं, एएमडीच्या मँटल या चित्र वेगाने काढायच्या तंत्रासाठी पॅचसुद्धा काढला. कानांकडे बघायला वेळ झाला नाही.

गॅरेटचा आवाज बदलला, तोही तंत्रामुळे का?

काही अंशी हो, हसू नका. स्टीफन रसेल यांचा आवाज पहिल्या तीन भागांत होता. चौथ्यात हालचाल आणि आवाज एकाच नटाकडून टिपायचे ठरले, म्हणून रोमानो ओर्झारी आले. इंजिनाशी याचा संबंध नाही, पण चाहत्यांच्या यादीत हे पापही इंजिनाच्याच खात्यावर जमा आहे.

स्वतःचं इंजिन बनवलं असतं तर?

तर कदाचित गेम २०१६ मध्ये आला असता, किंवा आलाच नसता.

‘डिसऑनर्ड’वाल्यांनी दुसऱ्या भागासाठी अनरियल सोडलं आणि आयडी टेकवरून स्वतःचं व्हॉइड इंजिन काढलं. गेम उत्तम झाला, पण २०१६ मध्ये पीसीवर आला तेव्हा चांगल्या चांगल्या मशीनवर अडखळत होता. खुद्द आयडॉस माँट्रियलनेही नंतर ग्लेशियर २ वरून, म्हणजे ‘हिटमॅन’वाल्यांच्या इंजिनावरून, डॉन इंजिन घडवलं आणि ‘डेयस एक्स: मॅनकाइंड डिव्हायडेड’ त्यावर केला. ग्लेशियर हे मुळात माणसांच्या गर्दीत चोरून हिंडण्यासाठीच वाढवलेलं. ‘थीफ’ची निवड दोन-तीन वर्षं उशिरा झाली असती तर... हा ‘तर’ मात्र माझ्या छळवादी ‘तर’पैकी पहिला आहे.

उलट उदाहरणही हवं. ‘एलियन: आयसोलेशन’, २०१४, घरचं इंजिन, आणि लपून बसायचा त्याच्याइतका धसका दुसऱ्या गेमने त्या वर्षी दिला नाही. क्रिस्टल पक्षाच्या जखमेवर चिमूटभर मीठ: क्रिस्टल डायनॅमिक्सने एप्रिल २०२२ मध्ये जाहीर केलं की पुढचा ‘टूम रेडर’ अनरियल ५ वर.

‘द डार्क मॉड’ म्हणजे काय? सारखं नाव येतं.

आयडी टेक पक्षाने नुसतं बोलून न थांबता केलेलं काम. डेडली शॅडोजनंतर काही चाहत्यांनी ‘डूम ३’ च्या इंजिनावर चोरीचा गेम उभा करायला घेतला. २००९ मध्ये, म्हणजे ‘थीफ ४’ जाहीर झाला त्याच वर्षी, त्यांची १.० आवृत्ती आली. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये ‘डूम ३’ बनवणाऱ्या आयडी कंपनीने त्या इंजिनाचा सोर्स कोड खुला केला, आणि २०१३ पासून डार्क मॉड स्वतःच्या पायावर उभा आहे. ‘डूम ३’ विकत घ्यायची गरज नाही, पैसे लागत नाहीत. दीडशेहून अधिक मिशनं आहेत. दोरीचा बाण आहे, आणि दोरी झुलतेसुद्धा.

त्यांचा लाइट जेम बघा. जिवंत सावल्यांमध्ये ‘खेळाडू किती उजेडात आहे’ हे आधी मोजून ठेवता येत नाही. म्हणून ते एक छोटा न दिसणारा खडा खेळाडूच्या जागी ठेवतात, त्याचं वरून आणि खालून चित्र काढतात आणि त्या चित्राचा उजळपणा मोजतात. जुगाड म्हणा, पण याहून प्रामाणिक उत्तर मी पाहिलेलं नाही. त्याची किंमत मशीनला मोजावी लागते. माझा लॅपटॉप तो गेम चालू असताना पोळ्या भाजता येतील इतका तापायचा.

मिशन बनवायचं साधन मिळणं एवढं महत्त्वाचं का?

पहिल्या दोन भागांसाठी चाहत्यांनी हजारावर मिशनं बनवली आहेत, म्हणून. २५ वर्षं झाली त्या निमित्ताने २०२३ च्या अखेरीस ‘द ब्लॅक पॅरेड’ आलं: दहा मिशनांची पूर्ण मोहीम, फुकट, आणि मूळ गेमच्या शेजारी मान वर करून बसेल अशी. डेडली शॅडोजलाही संपादनाचं साधन दिलं गेलं, उशिरा का होईना. २०१४ च्या भागाला नाही. इंजिन जगातलं सर्वांत ओळखीचं, साधन-संच फुकट मिळणारा, आणि तरी दार बंद. गेमची इतर दुखणी खेळाडूंनी हळूहळू दुरुस्त केली असती, तशी सवयच आहे या लोकांना. ती संधीच दिली नाही. माझ्या मते चौथ्या भागाचं खरं नुकसान हेच, आणि ते इंजिनाने केलेलं नाही.

न्यूडार्क काय आहे?

सप्टेंबर २०१२ मध्ये डार्क इंजिनासाठी एक अनधिकृत पॅच अचानक प्रकट झाला. करणाऱ्याने फक्त टोपणनाव ठेवलं. नवी ग्राफिक्स कार्डं, रुंद पडदे, ती जुनी बंधनं कितीतरी पटीने सैल. म्हातारं इंजिन चालायला लागलं, मग पळायला लागलं. कोणी केलं, का केलं, फार चौकशी करू नये. चोरांच्या गेमला शोभेसाच प्रकार.

आता अनरियल ५ वर नवा ‘थीफ’ केला तर सगळे प्रश्न सुटतील?

मेमरीचा सुटेल. मोठं शहर, मध्ये थांबा नाही, हे आता जमतं.

अंधाराचा प्रश्न उलट अवघड होईल. अनरियल ५ मधलं लुमेन तंत्र उजेडाच्या उसळ्या मोजतं: मशालीचा प्रकाश भिंतीवर पडतो, भिंतीवरून जमिनीवर, जमिनीवरून तुमच्या चेहऱ्यावर. डोळ्यांना फार सुंदर. पण मग कोपरा पूर्ण काळा राहतच नाही, सगळीकडे थोडंथोडं दिसतं. खेळाडूने विचारायचं, ‘मी लपलोय की नाही?’ आणि गेमने म्हणायचं, ‘तसे लपलाय म्हणायला हरकत नाही.’ जुन्या गेममधला अंधार खोटा होता, कापून ठेवल्यासारखा, पण वाचता यायचा. नव्या गेमला खरा प्रकाश दाखवून खोटा नियम पाळावा लागेल, आणि ते रचनाकाराचं काम आहे.

हक्क सध्या एम्ब्रेसर समूहाकडे आहेत. २०२२ मध्ये आयडॉस माँट्रियल आणि क्रिस्टलसकट ३० कोटी डॉलरचा व्यवहार झाला त्यात ‘थीफ’ही गेला.

मला स्वतःला छोटा स्टेल्थ, म्हणजे चोरून हिंडायचा, गेम करायचा आहे. काय घेऊ?

२०१४ चा ‘थीफ’ दुकानात आल्यावर तीन-चार आठवड्यांनी, मार्चमध्ये, एपिकने अनरियल ४ महिना १९ डॉलरला सगळ्यांना खुलं केलं, आणि पुढच्या वर्षी फुकट. गेम चालला तर उत्पन्नातला वाटा द्यायचा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ (२०२०) अनरियल ४ वरच झाला. म्हणजे नाट्यगृहाचं भाडं ही अडचण राहिली नाही. ‘ग्लूमवूड’ हा ‘थीफ’च्या वळणाचा गेम युनिटी या इंजिनावर आहे आणि त्याचा आवाज ऐकण्यासारखा आहे.

माझा सल्ला विचाराल तर महिनाभर अनरियल आणि युनिटी दोन्ही दूर ठेवा आणि ड्रोमेड किंवा डार्क मॉडमध्ये एक घर बांधा. तीन खोल्या, एक पहारेकरी, एक मशाल. ते खेळताना छातीत धडधडलं तर पुढे जा.

मी यातलं काहीच खेळलेलं नाही. सुरुवात कुठून?

‘थीफ गोल्ड’, म्हणजे पहिल्या भागाची वाढीव आवृत्ती, घ्या, जुन्या गेमच्या दुकानांत कवडीमोल मिळतो. त्यावर टीफिक्स नावाचा पॅच टाका, न्यूडार्क त्यातच येतं. खोलीतला दिवा बंद करा, हेडफोन लावा. पहिलं मोठं मिशन लॉर्ड बॅफर्डच्या हवेलीचं. समोरच्या फाटकापाशी दोन पहारेकरी अस्वलांच्या झुंजीबद्दल बोलत असतात. त्यांचं बोलणं पुरतं ऐका, घाई करू नका. मग डावीकडे-उजवीकडे फिरा, आणि त्यांचा आवाज कोपऱ्यामागे कसा दबत जातो तेवढं ऐका.